गिरिजाबाईंच्या कुरडया

"काळमेघ, ह्या गिरिजाबाई भोंडे नेमक्या कुठं राहतात?"

देवपुजारी सरांनी हे विचारलं तेव्हा मी खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत होतो. तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या चपलांवर सांडलं.

"जुन्या शहरात, सर."

"जुन्या शहरात कुठं?"

"जरा आत."

"आतच असणार," सर म्हणाले. "अशी माणसं दर्शनी भागात राहत नाहीत." आणि त्यांनी हातातलं कार्ड पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. "'आमचा मुलूख उष्णकटिबंधीय आहे, म्हणून माझ्या कुरडया एका उन्हात वाळतात. थंड देशातल्या बायकांनी काय करावं?' वा! भूगोलही आला, संसारही आला. उद्या अकरा वाजता आपण ह्यांच्याकडे जाऊ."

मी तांब्या खाली ठेवला. गिरिजाबाई भोंडे जुन्या शहरात राहत नव्हत्या. त्या कुठंच राहत नव्हत्या. चार दिवसांपूर्वी, ह्याच टेबलावर, मीच त्यांना जन्माला घातलं होतं.

गोष्ट अकोल्याची आहे, आणि तिला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. शाळकरी मुलांसाठी एक शब्दकोश तयार होत होता. दोन खोल्या, चार कपाटं, संपादक म्हणून देवपुजारी सर आणि मदतनीस म्हणून मी. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असे. पुढच्या बाजूला अर्थ, मागच्या बाजूला वापर. अर्थ पुस्तकातून काढलेला चालत असे, वापर मात्र चालत नसे. तो शब्द एखाद्या जिवंत माणसानं बोलताना वापरलेला असला पाहिजे, आणि त्या माणसाचं नाव, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि तारीख कार्डावर पाहिजे, हा सरांचा दंडक होता. त्या माणसाला ते 'साक्षीदार' म्हणत. साक्षीदाराशी पाहिजे तेवढ्या गप्पा माराव्यात, पण वाक्य त्याच्या तोंडात घालायचं नाही. साक्षीदार मिळाला नाही तर शब्द कोशातून बाद.

सरांना हे सोपं होतं. ते भाजी घ्यायला गेले तरी सहा कार्डं भरून येत. माझं तसं नव्हतं. मला अनोळखी माणसाला किती वाजले हे विचारायचं तरी आधी दोनदा मनात म्हणून पाहावं लागे. सुरुवातीला मी आई, मावशी, खानावळीचे मालक आणि खोलीशेजारचे कंपाउंडर ह्यांच्यावर निभावलं. पण माझ्या वाट्याला आलेल्या 'इ' आणि 'ई' एवढ्यातच माझ्या ओळखीची माणसं संपली. 'उ' सुरू झाला आणि मी माणसं बनवू लागलो.

उष्णकटिबंधीय ह्या शब्दासाठी मात्र मी प्रामाणिक प्रयत्न केला होता, हे सांगितलं पाहिजे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवसांत अकोल्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी माणसाची सावली त्याच्या पायाखाली सापडत नाही. मी ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर पडलो आणि धीर करून तिघांना विचारलं, "आपल्याकडची हवा कशी आहे म्हणावी?" काकडीवाला म्हणाला, "अंगार हाये." चांभार म्हणाला, "तुमाले दिसून नाई राह्यलं का?" तिसरा एक पोस्टमन होता, शिकलेला वाटला. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि मला सावलीत बसवून निघून गेला. मग मी परत आलो आणि गिरिजाबाईंना बोलतं केलं.

"सर, एवढ्या उन्हात आपण कशाला?" मी आता म्हणालो. "मी जाऊन त्यांची सही आणतो."

"सहीचा प्रश्न नाही हो." सर खुर्चीत जरा पुढं सरकले. "ही माझी घरगुती अडचण आहे. काल रात्री जेवताना मी हे वाक्य घरात वाचून दाखवलं. आमच्या घरातून असं म्हणणं आलं की कुरडई एका उन्हात वाळत नाही, आणि ही जी कोण बाई आहे ती थापाडी आहे. मी म्हटलं, माझा साक्षीदार थापाडी असू शकत नाही. काळमेघांनी स्वतः ऐकलंय. शब्दाला शब्द वाढला. आज सकाळी मला चहा मिळालेला नाही."

मी तांब्या उचलून पुन्हा पडद्यावर पाणी मारू लागलो. बोलायची वेळ तीच होती.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे म्हणून मी भांडलो," सर म्हणाले. "एक तारखेला तुम्हाला कायम करायचं पत्र मी कालच टाइप करून घेतलंय. 'ह्यांचा एकही साक्षीदार आजवर खोटा निघाला नाही' असं त्यात लिहिलंय."

खोटा कसा निघणार? त्यांना शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

दुपारी मी रजा मागितली आणि जुन्या शहरात गेलो. हेतू काय होता हे आजही मला धड सांगता येत नाही. बहुधा एखादी कुरडया करणारी बाई गाठायची आणि एक दिवसापुरतं गिरिजाबाई व्हाल का म्हणून विनवायचं, असा काहीसा. चार गल्ल्या फिरलो. प्रत्येक दारासमोर थांबलो आणि दार उघडायच्या आत पुढं सरकलो. शेवटी एका धाब्याच्या घराच्या गच्चीवर बाजेवर पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर कुरडयाच कुरडया मांडलेल्या दिसल्या. मी मान वर करून पाहत राहिलो.

"काय पाहून राह्यले जी?" वरून आवाज आला. "कधी कुरडई नाई पाह्यली?"

चाळिशीची, उंच, डोक्यावर ओला पदर घेतलेली बाई होती. हातात कावळे हाकायची काठी. मी "नाही, म्हणजे हो," असं काहीतरी म्हणालो.

"म्युनसिपाल्टीचे का?"

"नाही."

"मंग या वर. वरून वरडून माहा घसा बसला आधीच."

मी जिना चढलो. कौतिकाबाई गावंडे हे नाव मला नंतर कळलं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता आणि ही लोकांच्या ऑर्डरीनं कुरडया, पापड, शेवया करून देत असे. ते सगळं तिनंच सांगितलं. मला काही विचारायची गरज पडली नाही. मी काय सांगायला आलोय ते मात्र तोंडातून निघेना. तेवढ्यात खाली गलका झाला.

"नळ आला!" असं म्हणत तिनं काठी माझ्या हातात दिली. "मास्तर, दोन घागरी भरून येते. कावया बसू देऊ नका. शेजारनीची बकरी जिन्यानं येते, तिले तर बिलकुल नाई."

मी मास्तर नव्हतो, पण चष्मा होता, तेवढं तिला पुरलं. दोन घागरी म्हणजे पाऊण तास झाला. मी त्या गच्चीवर कांदा खिशात घेऊन, काठी हलवत उभा होतो. बकरी खरंच आली. तिच्याकडे पाहून मी "कृपया" म्हणालो हे मला स्पष्ट आठवतं.

ती परत आली तेव्हा माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण तिनं मला जिन्याच्या छपराखाली बसवलं आणि पन्ह्याचा पेला दिला. ते पन्हं पोटात गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. कोश, साक्षीदार, गिरिजाबाई, सरांचा चहा, एक तारीख. वाक्यही म्हणून दाखवलं.

ती आधी हसली. इतकी हसली की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मग एकदम गंभीर झाली.

"एका उन्हात वायते म्हंता?"

"वाळत नाही का?"

"वरून वायते, पोटात वली राह्यते. भरून ठेवली का चौथ्या दिशी आंबूस वास. दोन उनं लागते, मास्तर. कडक दोन उनं! तुमचं लगन झालं नाई वाट्टे."

"नाही."

"दिसतेच."

"मग उद्या फक्त एवढं म्हणाल का, की तुम्ही गिरिजाबाई..."

"मी कायले गिरिजाबाई होऊ?" ती म्हणाली. "माह्या बापानं नाव देल्लं हाये मले. आन एका उन्हात वायते असं मी बोलली हे गल्लीत समजलं, तर उद्या माह्याकडून कोनी कुरडई घेईन का? आना तुमच्या साहेबाले. पानी देईन, बसाले देईन. खोटं बोलनार नाई."

मला उठायला हवं होतं, पण मी रिकामा पेला हातात फिरवत बसलो. तिला बहुधा दया आली.

"बरं, तो शब्द काय हाये एवढा? त्याचा अर्थ तं सांगा."

अर्थ मला सांगता येत असे. माणसांशी बोलता येत नसे, पण अर्थ सांगता येत असे. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. मी तिच्याकडून सुतळी मागितली आणि माठाच्या पोटाभोवती दोन दोऱ्या बांधल्या. एक मध्याच्या थोडी वर, एक थोडी खाली. म्हटलं, ही पृथ्वी समजा. सूर्य वर्षभर ह्या दोन दोऱ्यांच्या मधेच डोक्यावर येतो. वरच्या दोरीच्या वर कधी येत नाही, खालच्या दोरीच्या खाली कधी जात नाही. म्हणून हा मधला पट्टा तापतो. आपलं अकोलं इथं, वरच्या दोरीच्या जरा खाली. ह्या पट्ट्यातलं जे काही असेल, गाव, झाड, वारा, पाऊस, ते सगळं उष्णकटिबंधीय.

तिनं माठाभोवती एक फेरी मारली.

"म्हंजे धरतीच्या कंबरेले जिथी करगोटा बांधते, तिथी आपन राह्यतो."

अर्थ लिहायला मला तीन दिवस आणि चार पुस्तकं लागली होती.

"तरीच!" ती म्हणाली. "मी समजे का आपल्या गावावर देवाचा राग हाये. हे तं नुसतं जागेचं हाये." मग तिनं तो शब्द दोनदा अडखळत, तिसऱ्यांदा सरळ म्हणून पाहिला. "उष्णकटिबंधीय. चांगला लांब हाये. भांडनात कामी येईन."

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात सरांच्या शेजारी बसून मी तीन वाक्यं मनात घोळवत होतो. 'सर, मला काही सांगायचं आहे. सर, माझी चूक झाली. सर, गिरिजाबाई नाहीत.' पहिलं वाक्य मी टिळक रोडवर म्हणालोसुद्धा. पण सर म्हणाले, "मलाही तुम्हाला सांगायचंय, काळमेघ. आज घरात कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू वाटायला काढलाय. मला निकाल हातात घेऊनच घरी जायला हवं." मग बाकीची दोन वाक्यं राहून गेली.

सर छत्री घेऊन जिना चढले. गच्चीवर पोचताच वाऱ्याची झळ आली, छत्री उलटी झाली आणि शेजारच्या गच्चीवर जाऊन पडली. उघड्या डोक्यानं, हातात कार्ड धरून सर म्हणाले, "नमस्कार. आपणच गिरिजाबाई भोंडे?"

"नाई जी. मी कौतिका गावंडे."

"मग गिरिजाबाई?"

कौतिकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं बोलावं, काहीही बोलावं असं मला वाटत होतं. तिनं फक्त काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"सर," मी म्हणालो, "गिरिजाबाई नाहीत."

"बाहेर गेल्यात?"

"नाहीतच, सर. कधीच नव्हत्या. मी लिहिल्या."

सरांनी कार्ड उलटं करून पुढची बाजू पाहिली, जणू त्या तिथं असतील. मग ते बोलू लागले. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. शब्द म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, चाळीस वर्षांत आपण कार्डावर एक खोटी तारीखसुद्धा कशी घातली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांचं टक्कल आधी गुलाबी झालं, मग लाल. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते थांबत नव्हते. "तुम्ही आजपासून कामावर येऊ नका," ते म्हणाले, "ज्या माणसाला जिवंत माणसाशी बोलायची..." आणि ते किंचित झुलले.

"ओ साहेब!"

कौतिकाबाईनं काठी बाजेवर आपटली. दोन कुरडया उडाल्या.

"उष्णकटिबंधीय गाव हाये हे! इथी उघड्या डोक्यानं भाषन करत नसते! पडसान इथीच, मंग मले चौघं बोलवा लागतीन उचलाले. सावलीत या आधी, मंग काय बोलाचं ते बोला लेकराले!"

सर बोलायचे थांबले. त्यांचं तोंड उघडंच होतं.

"काय म्हणालात?"

"सावलीत या म्हनलं."

"त्याच्या आधी."

"उष्णकटिबंधीय गाव हाये म्हनलं. हायेच ते. इचारा कोनालेही."

"लिहा, काळमेघ!" सर ओरडले.

"सर, आपण मला आत्ताच काढून टाकलंत."

"आधी लिहा! मग काढतो."

मी लिहिलं. सर छपराखाली बसले, तिनं त्यांच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, पन्हं दिलं. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तिला रीतसर विचारलं, "हा शब्द तुम्हाला कुठून मिळाला?"

"ह्यानंच सांगतला काल. माठाले दोऱ्या बांधून." तिनं माठ दाखवला. दोऱ्या अजून तशाच होत्या.

"आणि वाक्य?"

"वाक्य कोन सांगन? माह्या गच्चीवर मानूस पडून राह्यला होता, मले बोलाले कोनाची परवानगी लागते का?"

सरांनी हात लांब करून माठावरची दोरी चाचपली. "शब्द शिकवला तर चालतो," ते शेवटी म्हणाले. बहुधा स्वतःलाच म्हणाले. "शब्द सगळ्यांना कुणीतरी शिकवलेलाच असतो." मग माझ्याकडे वळले. "अशा गिरिजाबाई किती?"

"ह्या सोडून सदतीस, सर. त्यात अकरा पुरुष."

"सदतीस!"

"माणसं खोटी आहेत, सर. अर्थ खरे आहेत."

"पंधरा जूनपर्यंत," सर म्हणाले, "मला सदतीस जिवंत माणसं पाहिजेत. एक जरी कमी पडला तर त्याच्याबरोबर तुम्हीही बाद."

मी बोटांवर माणसं मोजू लागलो आणि एका हातातच थांबलो.

"सदतीस?" कौतिकाबाई म्हणाली. "एवढे तं नळावरच भेटतीन."

निघताना सर जिन्यात थांबले आणि पुष्कळ संकोचानं म्हणाले, "बाई, एक विचारू? कुरडई एका उन्हात वाळते का?"

"दोन."

सरांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते थकलेले दिसले. "म्हणजे आज घरी जाऊन कबूल करावं लागणार," ते म्हणाले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी रोज दुपारी नळावर उभा राहिलो. पहिले दोन दिवस हातात कार्डं धरून नुसता उभाच होतो. तिसऱ्या दिवशी कौतिकाबाईनं माझ्या हातात एक घागर दिली आणि रांगेत उभं केलं. रांगेतल्या माणसाशी बोलावंच लागतं. निदान त्याचा पाय तुमच्या पायावर पडल्यावर तरी. 'उचकी' एका म्हातारीनं दिली, 'उखळ' तिच्या सुनेनं. 'उपटसुंभ' साठी मला मुळीच थांबावं लागलं नाही, मी रांग मोडल्याबरोबर तो मिळाला. बारा तारखेपर्यंत छत्तीस झाली.

राहिला फक्त 'उगाच'. इतका साधा शब्द, पण मी गेलो की कुणी तो वापरेना. चौदा तारखेला संध्याकाळ व्हायला आली, नळ गेला, बायका घागरी उचलून निघाल्या. मी भिंतीआड चपलेचा अंगठा बांधत बसलो होतो. दोघी जणी पुढं चालल्या होत्या, एकीचा आवाज ओळखीचा होता. दुसरी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. कौतिकाबाईचं उत्तर ऐकू आलं.

"तो मास्तर नं? तो उगाच भेते लोकाले. बोलला का चांगला बोलते."

मी तिथंच बसून लिहून घेतलं. नाव, धंदा, गल्ली, तारीख.

सरांनी दुसऱ्या दिवशी सदतीस कार्डं एकेक करून वाचली. ह्या कार्डापाशी ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे वाक्य तुम्ही तोंडात घातलेलं नाही ना?"

"नाही, सर. मी फक्त ऐकलं."

त्यांनी सही केली. मला तेव्हा कायम केलं नाही. सहा महिन्यांनी केलं, आणि पत्रातलं ते साक्षीदारांबद्दलचं वाक्य काढून टाकलं. कोश छापून आला तेव्हा 'उष्णकटिबंधीय' खाली कौतिकाबाईचं वाक्य होतं, भाषणासकट. पहिली प्रत मी तिला नेऊन दिली. तिनं ती पापडाच्या डब्यावर, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली. 'उगाच' मात्र छापताना जागा कमी पडली म्हणून गळला, आणि त्याचं कार्ड सरांनी मला परत दिलं.

ते अजून माझ्याकडे आहे. कुठं चार माणसांत बोलायची वेळ आली की आधी मी ते खिशातून काढतो आणि मागची बाजू एकदा नीट वाचतो. मग धीर येतो. अर्थात, चष्मा शोधून ते वाचून होईपर्यंत बहुतेक वेळा माणसं उठून गेलेली असतात.